बाबांची आणि एका वीस वर्षांच्या मुलाची आजारपणातली मैत्री: ती जपावी की आवरावी?

शमी

माझे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी सारी नोकरी एस.टी.च्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत केली. गेल्या वर्षी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हाच तो यकृतापर्यंत पोचला होता. केमोथेरपी सोसेनाशी झाल्यावर त्यांनी आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून ती थांबवण्याचा निर्णय सांगितला आणि आता फक्त वेदना कमी करण्याचे उपचार चालू आहेत. आजाराविषयी त्यांच्यापासून आम्ही काहीही लपवलेले नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचा पेच त्यातूनच उभा राहिला आहे.

रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात नंबरची वाट पाहताना त्यांची एका मुलाशी ओळख झाली. तो वीस वर्षांचा आहे. मूळचा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा; ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला असताना गुडघ्याजवळ सूज आली, ती हाडाचा कर्करोग निघाली, पाय मांडीपासून काढावा लागला आणि तरीही रोग फुप्फुसांत गेला. सध्या तो आईवडिलांसह पुण्यात मावशीकडे राहतो. बाबांनी त्याला सहज शिक्षणाविषयी विचारले आणि त्यानंतर आत बोलावणे येईपर्यंत दोघे डिझेल पंपाच्या टायमिंगविषयी बोलत बसले होते. आता दोघांचे रोज रात्री फोन होतात, कारण दोघांनाही झोप लागत नाही. तो त्यांना काका म्हणतो. बाबांनी त्याच्यासाठी एका वहीत गिअरबॉक्सच्या आकृत्या काढायला घेतल्या आहेत आणि हात थरथरला तर ते पान फाडून पुन्हा काढतात.

अडचण अशी आहे की त्या मुलाला फुप्फुसांतल्या गाठींविषयी स्पष्टपणे सांगितलेले नाही. ‘छातीत इन्फेक्शन आहे, औषधाने कमी होईल’ एवढेच त्याला घरातून सांगण्यात आले आहे. मध्यंतरी त्याने बाबांना फोनवर विचारले, ‘काका, तुम्हाला भीती वाटते का?’ बाबा म्हणाले, ‘वाटते. रात्री जास्त वाटते.’ त्यावर तो म्हणाला, ‘मलाही.’ त्याच्या आईने हे बोलणे ऐकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि रडत रडत, परंतु अतिशय नम्रपणे, ‘ताई, काकांना सांगा, त्याच्याशी असले काही बोलू नका, त्याची हिंमत खचेल’ अशी विनंती केली.

माझा भाऊ वेगळ्या कारणाने त्याच मताचा आहे. तो मुलगा आधी गेला तर बाबांना धक्का सोसणार नाही, म्हणून आतापासूनच फोन कमी करावेत, आणि दुर्दैवाने तसे घडलेच तर बाबांना कळू देऊ नये, असे तो म्हणतो. मला हे पटत नाही, पण ‘चूक आहे’ असे ठामपणे सांगण्याइतका अनुभवही माझ्याजवळ नाही. ही मैत्री आम्ही आवरावी का, मुलाने खरे काय ते विचारले तर बाबांनी काय करावे आणि दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याला सांगावे का, याविषयी ज्यांनी असे आजारपण जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

घरभेट

मी परिचारिका आहे आणि बरीच वर्षे पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे रुग्णांच्या घरी जाऊन वेदनाशमनाची आणि सुश्रूषेची सेवा देण्याचे काम करते. मैत्री आवरू नका, हे आधी लिहिते.

ज्या मुलाचा पाय काढला आहे, ज्याला जिना चढताना धाप लागते, ज्याचे वजन उतरते आहे आणि ज्याच्या आईचे डोळे रोज सुजलेले असतात, त्याला काहीच कळलेले नाही असे मानणे घरच्यांना भाग पडते, पण मुलाला कळलेले असते. आपण विचारले तर आई कोसळेल हेही त्याला कळलेले असते, म्हणून तो तिच्यासाठी गप्प राहतो आणि ती त्याच्यासाठी. कितीतरी घरांत मला दारातच थांबवून ‘सिस्टर, आत काही बोलू नका’ असे सांगतात. आणि नातेवाईक चहा टाकायला उठले की रुग्ण हलक्या आवाजात विचारतो, ‘सिस्टर, अजून किती दिवस?’ तेव्हा त्या रात्री तुमच्या वडिलांशी तो जे बोलला, ते त्याला कदाचित अनेक महिन्यांनी कुणाजवळ तरी बोलता आले असावे. आईजवळ ते बोलता येत नाही, कारण तिचे दुःख त्याला दिसते. बरोबरीचे मित्र सुरुवातीला येतात आणि काय बोलावे ते न सुचल्याने हळूहळू यायचे थांबतात; त्यांच्या परीक्षा आणि नोकऱ्या चालू असतात. कर्करोगाच्या शास्त्रात पंधरा ते एकोणचाळीस हा वयोगट वेगळा मानतात, पण आपल्या बहुतेक रुग्णालयांत या वयाची मुले एक तर बालरुग्णांच्या खोलीत अवघडून बसतात किंवा साठीच्या माणसांच्या रांगेत. अशा रांगेत त्याला एक माणूस भेटला, ज्याला त्याच्या आजाराविषयी काही समजावून सांगावे लागत नाही आणि जो त्याच्याकडे पाहून रडत नाही.

आमच्या क्षेत्राच्या मुळाशीही अशीच एक मैत्री आहे. लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाचा, वॉर्साहून आलेला चाळिशीतला ज्यू माणूस कर्करोगाने मरणशय्येवर होता आणि त्या शहरात त्याचे जवळचे असे कुणी नव्हते. सिसिली सॉन्डर्स तेव्हा रुग्णालयात समाजसेविका होत्या. त्या त्याच्याजवळ बसून बोलत, आणि मरणाऱ्या माणसांना निवांतपणे राहता येईल अशी जागा कशी असावी यावर दोघांनी खूप विचार केला. १९४८ मध्ये तो गेला, तेव्हा त्याने त्यांच्या नावे पाचशे पौंड ठेवले होते आणि ‘तुमच्या घरातली एक खिडकी मी होईन’ असे सांगितले होते. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या वेदनाशमनाचे आणि सेवेचे केंद्र, उघडले. शरीराच्या वेदनेबरोबर एकटेपणाची, पैशांच्या काळजीची आणि अर्धवट राहिलेल्या आयुष्याची वेदनाही तितक्याच गांभीर्याने पाहावी लागते, ही त्यांची शिकवण आम्हाला प्रशिक्षणात सर्वांत आधी देतात. भारतात १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झाले, १९९३ मध्ये कोळिकोडला वेदनाशमनाची चळवळ उभी राहिली आणि १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आले. कोळिकोडच्या चळवळीचे मला विशेष वाटते, कारण तिथे शेजारीपाजारी आणि महाविद्यालयांतली मुले प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे नेमाने जातात. ही ये-जा दोन्ही वयांना हवीशी असते.

आता खरे सांगण्याविषयी. रोग किती पसरला आहे हे सांगणे तुमच्या वडिलांचे काम नाही आणि ते ओझे त्यांच्यावर येऊ देऊ नका. पण त्यांनी खोटेही बोलू नये, कारण एकदा खोटे पकडले गेले की त्या मुलाला बोलायला उरलेली एकमेव जागाही जाईल. त्याने विचारलेच, तर ‘तुझ्या तपासण्यांतले मला कळत नाही, पण तुला जाणून घ्यायचे असेल तर डॉक्टरांना नीट विचार, हवे तर मी शेजारी बसतो’ असे ते म्हणू शकतात. मुलगा सज्ञान आहे. त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी त्यालाच विचारून, मग तेवढेच सांगण्याची पद्धत असते आणि ते डॉक्टर व समुपदेशक आईवडिलांना सोबत घेऊन करू शकतात. वारज्याच्या केंद्रात सेवा विनामूल्य आहे आणि रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही राहता येते. त्या कुटुंबाला एकदा तिथे घेऊन जाता आले तर पाहावे.

सोलापूरची आई

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगाने गेला. म्हणून मी त्या मुलाच्या आईच्या बाजूने लिहिते आहे. वरच्या उत्तरात सगळे बरोबर असले तरी तिच्या मनाचा ठाव त्यात पुरेसा नाही.

मुंबईला टाटा रुग्णालयात उपचार चालू असताना आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होतो. तिथे विदर्भातल्या एक आजी होत्या. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा जबडा अर्धा काढलेला होता आणि त्यांचे बोलणे त्यांच्या सुनेलाही धड कळत नसे. माझ्या मुलाला मात्र ते कळू लागले. डॉक्टरांकडे जाताना त्या त्यालाच बरोबर नेत, त्या बोलत आणि तो ते सर्वांना सांगे. औषधांनी गळून गेलेला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा त्यांनी हाक मारली की उठून बसायचा, आणि हे पाहून मला जितका आनंद होई तितकेच आत कुठेतरी दुखेही. मी नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलाने, केमोथेरपीची पुढची फेरी नको आहे, हे मला न सांगता एका परक्या बाईला सांगितले होते. त्या आजींनीच मला बाजूला घेऊन म्हटले, ‘पोरगं मरनाले नाही भेत बाई, तुह्या रडन्याले भेते.’

त्या आईला फोनवर समजावू नका. तिच्या घरी जा आणि आधी मुलाविषयी बोलूच नका. ती कधी जेवते, कधी झोपते, गावाकडचे कोण पाहते, हे विचारा. महिनोन्महिने तिला ‘मुलगा कसा आहे’ याखेरीज कुणी काही विचारलेले नसेल. तिला भीती आहे ती मुलाच्या हिमतीची, आणि त्याहून मोठी भीती अशी की मुलगा आपल्यापासून दूर जात दुसऱ्याच कुणाजवळ मन मोकळे करतो आहे. तुमच्या वडिलांनी शक्य झाल्यास स्वतः तिला सांगावे की तो फोनवर तिच्याविषयी किती बोलतो. बोलतच असेल, माझा बोलायचा.

सांगावे की नाही, याविषयी एवढेच लिहिते: माझा मुलगा आजींच्या आधी गेला. आजींना कळवू नये असे त्यांच्या मुलाचे मत होते, पण मी स्वतः त्यांच्याजवळ गेले आणि सांगितले. त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. त्यानंतर त्या असेपर्यंत माझ्या मुलाविषयी माझ्याशी आपणहून बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या, कारण बाकी सगळे त्याचे नाव टाळत होते.

पाटबंधारे

थोडे निराळे मत मांडतो. तुमच्या भावाच्या बोलण्यात एक खरी काळजी आहे, ती अशी की तुमचे वडील स्वतः अतिशय आजारी आहेत. माझ्या काकांना हाच रोग होता आणि शेवटच्या काळात त्यांना दोन वाक्ये बोलूनही थकवा येत असे. रोज रात्रीचा फोन हे दोघांनाही हळूहळू कर्तव्य वाटू लागेल. दुसरे असे की सगळे जण मुलगा आधी जाईल असे धरून चालले आहेत. स्वादुपिंडाच्या कर्करोगात, तोही यकृतात पसरलेला असताना, वडीलच आधी जाण्याची शक्यता आहे. मग त्या मुलाने रात्री फोन कुणाला करायचा? याची तयारी आताच करायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त शिक्षक, नाशिक

मी शहात्तर वर्षांचा आहे. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेला आहे आणि तरीही मी हे उत्तर स्वतः टंकित करतो आहे, कारण वरच्या चर्चेत वडिलांच्या जागी असलेला माणूस कुणीच बोललेला नाही.

आजारी झाल्यापासून घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलतात. औषध घेतले का, पोट साफ झाले का, दुखते का, याच्या पलीकडे मला कुणी काही विचारत नाही. चौतीस वर्षे मी भूमिती शिकवली, पण आज माझ्या घरात मी फक्त रुग्ण आहे. शमीताई, त्या मुलाशी बोलताना तुमचे वडील पुन्हा कार्यशाळेतले कारागीर होतात. ते त्याला काही देत आहेत असे तुम्हाला दिसते. माझ्या मते त्यांना त्याच्याकडून अधिक मिळते आहे. थरथरत्या हाताने पान फाडून पुन्हा आकृती काढणाऱ्या माणसाला आवरायला गेलात तर त्यांचे उरलेले दिवस फक्त लांब होतील. पाटबंधारे यांनी लिहिलेला थकवा खरा आहे, पण उरलेली शक्ती कशी वापरायची हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे. मला दिवसातून एकच तास बोलता येत असेल, तर तो कुणासाठी ठेवायचा हे मुलांनी ठरवलेले मला चालणार नाही.

मात्र तुमच्या वडिलांना माझ्या वतीने एक गोष्ट सांगा. आपले आणि त्या मुलाचे मरण सारखे नाही. मी संसार केला, नातवंडे पाहिली, माझे विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करतात. त्या मुलाने अजून पहिला पगारही घेतलेला नाही. ‘आयुष्य किती यापेक्षा कसे हे महत्त्वाचे’ असले वाक्य आपल्यासारख्या म्हाताऱ्याने त्याच्यापुढे चुकूनही बोलू नये. ते आपल्याला शोभत नाही. त्याला संताप येईल, कधी तुमच्या वडिलांचाही येईल, की यांना एकाहत्तर मिळाली आणि मला वीसच. तो संताप ऐकून घेणे हीच वयाने मोठ्या मित्राची जबाबदारी आहे. ‘माझी वर्षे त्याला द्यावीत’ असे मनात येते, मलाही एका मुलीला पाहून आले होते, पण ते त्याला बोलून दाखवू नये, कारण त्यावर तो बिचारा काय उत्तर देणार?

आणि हो, मृत्यूची बातमी लपवू नका. त्याच दिवशी, समोर बसून, दिवसा उजेडी सांगा. लपवलेत तर तुमचे वडील रोज रात्री फोन लावतील आणि तो उचलला न गेल्यावर जे समजायचे ते एकटेच समजतील. जाता येण्यासारखे असेल तर न्या. नसेल तर ‘त्याच्या आईला फोन लावून देऊ का’ असे विचारा.

घरभेट

शिक्षककाकांच्या उत्तराबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. पाटबंधारे यांचा मुद्दा मी आधी लिहायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. वडील आधी जाण्याची शक्यता त्या दोघांना आपापसांत बोलू द्या. बहुधा त्यांनी ती बोललेलीही असेल. मुलासाठी आणखी एखादा माणूस जोडता येतो: तुमचा भाऊ, वडिलांचा कार्यशाळेतला एखादा सहकारी किंवा वेदनाशमन केंद्राचा स्वयंसेवक. ओळख वडिलांनीच करून द्यावी. रोजच्या फोनचा ताण वाटला तर आवाजी संदेश पाठवता येतात. बोलणारा दम घेत घेत बोलू शकतो आणि ऐकणारा जाग येईल तेव्हा ऐकतो.

आणखी एका बाबतीत तुमच्या वडिलांचा त्याला मोठा उपयोग होऊ शकेल. मॉर्फिन, म्हणजे अफूपासून मिळणारे तीव्र वेदनांवरचे औषध, सुरू केले म्हणजे आता संपले, किंवा त्याचे व्यसन लागते, असा समज घरोघरी आहे आणि त्यामुळे मुले उगाच वेदना सोसतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडाने घेतलेले मॉर्फिन वेदनेवर आणि धापेवरही चांगले काम करते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, ती अशा रुग्णांना हे औषध सहज मिळावे यासाठीच. ‘मी घेतो, गुंगी दोनचार दिवसांत कमी झाली, बद्धकोष्ठासाठी सोबत रेचक न चुकता घ्यावे लागते’ हे आईने किंवा डॉक्टरांनी सांगणे आणि ते घेणाऱ्या मित्राने सांगणे यांत फार अंतर आहे. पोटाच्या तक्रारी वीस वर्षांचा मुलगा आईला सांगत नाही, मित्राला सांगतो.

शमी

सर्वांची मी ऋणी आहे. मी त्यांच्या घरी जाऊन आले. सोलापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मुलाविषयी काहीच बोलले नाही. दीडेक तास त्याची आई बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. निघताना त्या म्हणाल्या, ‘काकांना म्हणावं, फोन करत जा, मीच बाहेर जाऊन बसेन.’ डॉक्टरांशी पुन्हा बोलण्याविषयी त्यांनी विचार करते असे सांगितले आहे. भाऊ अजून पूर्ण सहमत नाही, पण शिक्षककाकांचे उत्तर त्याने दोनदा वाचले आणि बातमी लपवण्याचा आग्रह सोडला आहे.

आता नवा प्रश्न आहे. त्या मुलाला आमच्या घरी येऊन बाबांची वही त्यांच्याकडून समजून घ्यायची आहे. तो अधूनमधून ऑक्सिजनवर असतो आणि अंतर गाडीने पाऊण तासाचे आहे. बाबांना तर त्याच्याकडे जाणे शक्यच नाही. त्याला आणणे धोक्याचे होईल का?

घरभेट

त्याच्या डॉक्टरांना विचारून आणता येईल. नुकतीच केमोथेरपी झाली असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत का ते आधी तपासून घ्या, आणि तुमच्या घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी भेट नको. ज्या वेळी दोघांनाही त्यातल्या त्यात बरे वाटते, बहुधा सकाळी उशिरा, ती वेळ ठरवा. त्याला मॉर्फिन चालू असेल तर निघण्यापूर्वी नेहमीचा डोस देऊन झालेला असावा आणि अचानक दुखू लागल्यास द्यायचा जादा डोस व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. छोटा सिलिंडर त्याला लागणाऱ्या प्रवाहावर किती वेळ पुरतो हे देणाऱ्याकडून लेखी घ्या आणि जाणे, बसणे, परतणे व वाटेतली कोंडी धरून त्याच्या दुप्पट सोय ठेवा. सिलिंडर गाडीत घट्ट बांधा, गाडीत कुणी सिगारेट ओढू नये. तुमच्या घरी विजेवर चालणारे ऑक्सिजनचे यंत्र भाड्याने आणून ठेवता आले तर सिलिंडर परतीसाठी शिल्लक राहील. वडिलांच्या पलंगाशेजारी दुसरा पलंग लावा. बसून धाप लागली तर दोघांना आडवे होऊन बोलता यावे. त्याच्या आईला सोबत बोलवा, पण तिच्यासाठी दुसऱ्या खोलीत झोपायची व्यवस्था करा आणि ती झोपली तर उठवू नका.